एक ना धड, भाराभर लेव्हल्स

२००५ सालची गोष्ट. ऑनसाईटला होतो, शिकागोच्या एका उपनगरात. थंडी अशी की गाडी काढायची म्हटलं तरी आधी अर्धा तास काचेवरचा बर्फ खरवडायचा. शनिवारी संध्याकाळी करायचं काय? देसी मंडळींकडे गेलं की ग्रीनकार्ड आणि घरांच्या किमती, विषय संपले. शेवटी क्लायंटकडच्या एका सहकाऱ्याने त्याच्या बेसमेंटमध्ये बोलावलं. तिथे पाच-सहा बाप्ये टेबलाभोवती बसून, चिप्स खात, अत्यंत गंभीर चेहऱ्याने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत होते. मला म्हणाले, बस, तुझं कॅरॅक्टर बनवू.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली एकेक पात्रं होतात. पात्राचं सगळं भांडवल एका कागदावर: ताकद किती, बुद्धी किती, तलवार कशी चालवतो, मंत्र किती येतात. पात्राचा पेशा म्हणजे 'क्लास' आणि त्या पेशातली पायरी म्हणजे 'लेव्हल'. अडलं की फासा टाकायचा. बस, एवढंच. बाकी सगळं डोक्यात.

आता मी पडलो मध्यमवर्गीय मराठी माणूस. टायपिंगची परीक्षा दे, हिंदीच्या परीक्षा दे, कुठे काय उपयोगी पडेल सांगता येत नाही, असं ऐकत वाढलेला. मी म्हटलं, माझ्या पात्राला लढताही आलं पाहिजे आणि जादूही. नियमांत तशी सोय होती. पाच लेव्हल फायटरच्या, पाच विझर्डच्या, एकूण दहा. बाकीचे एकमेकांकडे बघून हसले, पण बोललं कुणी नाही.

पुढचे तीन महिने मी त्या टेबलावर शोभेची वस्तू होतो. दहाव्या लेव्हलचा नुसता फायटर होता त्याला हल्ल्यासाठी फाशावर +१० मिळायचे, मला +७. म्हणजे तिथे मी बरा. पण दहाव्या लेव्हलचा विझर्ड अख्ख्या टोळीला क्षणात शेकडो मैल दूर नेऊन ठेवायचा, आणि माझ्याकडे आगीचा एक गोळा. तोही त्याच्यापेक्षा निम्म्या ताकदीचा! तिथपर्यंत आम्ही पोचलो की समोर जे राक्षस उभे असायचे त्यांना माझ्या गोळ्याने फारतर घाम यायचा.

मी त्यातून एक धडा घेतला. जेणू काम तेणू थाय. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं असंच होतं, जगाचा नियमच आहे. गंमत म्हणजे त्याच सुमारास मॅनेजरने विचारलं होतं की बाबा रे, तू डेटाबेस ट्यूनिंगमध्ये स्पेशालिस्ट होतोस, की सध्यासारखं सगळीकडे थोडं थोडं करत राहतोस? मी स्पेशालिस्ट झालो. त्या निर्णयात एका कागदी योद्ध्याचा किती वाटा होता हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अप्रेझलमध्ये तर नाहीच नाही. :-)

असो. एक दिवस मी कुरकुर करत होतो, तर टेबलावरचा सगळ्यात वयस्कर खेळाडू म्हणाला, "जुन्या नियमांत हेच कॅरॅक्टर भारी झालं असतं." म्हणजे? जगाचा नियम आवृत्तीगणिक बदलतो की काय? तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. नंतर जुनी पुस्तकं मिळतील तशी जमवली, आणि इतक्या वर्षांनी हे लिहायला बसलोय.

तर सुरुवातीपासून सुरुवात करू. हा खेळ आला १९७४ मध्ये. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनेव्हा नावाच्या तळ्याकाठच्या गावातले गॅरी गायगॅक्स, आणि शेजारच्या मिनेसोटातले डेव्ह आर्नसन. दोघेही टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळणारे. गायगॅक्सने १९७१ मध्ये 'चेनमेल' नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम प्रसिद्ध केले होते, आणि आर्नसन 'ब्लॅकमूर' नावाच्या काल्पनिक मुलखात एकेका माणसाची गोष्ट खेळवत होता. दोन्हींचं लग्न लागलं आणि एका खोक्यात तीन छोटी पुस्तकं घालून १००० प्रती छापल्या गेल्या.

त्यात क्लास फक्त तीन. फायटिंग मॅन, मॅजिक यूजर आणि क्लेरिक. आता हा क्लेरिक बघा. चिलखत घालतो, हाणामारी करतो, मंत्रही म्हणतो. फक्त धारदार शस्त्र वापरायचं नाही, गदा चालेल. आर्नसनच्या टेबलावर एक खेळाडू 'सर फँग' नावाचा रक्तपिपासू व्हँपायर होऊन बसला होता आणि कुणालाच आवरेना, तेव्हा त्याला उतारा म्हणून हा धर्मगुरू आला. म्हणजे निम्मा लढवय्या, निम्मा मांत्रिक, अगदी पहिल्या दिवसापासून खेळात आहे. पण त्याला 'धेडगुजरी' कुणी म्हणत नाही. का? तर त्याला स्वतःचं नाव मिळालं. नाव मिळालं की भेसळीचीसुद्धा जात होते!

खरा मिश्र प्रकार होता एल्फ. एल्फ एका मोहिमेत फायटिंग मॅन, तर दुसऱ्या मोहिमेत मॅजिक यूजर. शिफ्ट ड्यूटीच म्हणा ना. फक्त मोहिमेच्या अधेमधे टोपी बदलायची नाही. आणि वर कुंपण: लढण्यात चौथ्या लेव्हलच्या पुढे जायचं नाही, जादूत आठव्याच्या. माणसाला मात्र वर आभाळ मोकळं.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल पुढच्या वर्षी झाला, आणि तो वरवर अगदी किरकोळ दिसतो. १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चौथा क्लास आला: थीफ. चोर. कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, आवाज न करता चालणं, सावलीत लपणं. प्रत्येक कामाचे टक्के ठरवून दिलेले.

आता विचार करा. १९७४ मध्ये ही कामं कोण करत होतं? सगळेच! फायटर म्हणायचा, मी भिंतीला चिकटून हळूच जातो. मॅजिक यूजर म्हणायचा, मी काठीने फरशी ठोकून बघतो. गोष्ट सांगणारा ऐकून ठरवायचा, जमलं की नाही. चोर आल्यावर मात्र हे त्याचं खातं झालं. फायटर सावलीत लपायला गेला की टेबलावरून हरकत: ते चोराचं काम, तुझ्या कागदावर टक्के कुठे आहेत? आणि १९७८ च्या तक्त्यात पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपण्याची शक्यता किती? १० टक्के. आवाज न करता चालायची १५. भिंतीवर चढण्यात तेवढा पठ्ठ्या तरबेज, ८५. म्हणजे जे काम आधी सगळे जण अक्कल लढवून करत होते, ते आता एकटा तज्ज्ञ करणार, आणि दहापैकी नऊ वेळा त्यालाही जमणार नाही.

हे वाचताना मला ऑफिसच आठवलं. टेस्टिंगची वेगळी टीम झाली त्या दिवसापासून प्रोग्रॅमरने स्वतःचा कोड तपासणं बंद केलं ना, तसंच. स्पेशालिस्ट आला की त्याचं कौशल्य नव्याने जन्माला येत नाही. बऱ्याचदा ते इतरांच्या खिशातून काढलेलं असतं. (चोरच तो शेवटी!)

१९७८ मध्ये 'अॅडव्हान्स्ड' आवृत्तीचं खेळाडूंचं पुस्तक आलं आणि मिश्र पात्रांसाठी रीतसर कायदेकानू झाले. कायदे कसले, जातपंचायतच. एल्फ, बुटके वगैरे माणसाव्यतिरिक्तचे जीव एकाच वेळी दोन-तीन क्लास चालवू शकतात. मिळालेल्या अनुभवाचे गुण समान वाटून. माणसाला ते नाही. माणसाने एक पेशा सोडून दुसरा धरायचा, आणि त्यासाठी पहिल्या पेशाचा मुख्य गुण किमान १५, नव्याचा किमान १७. शिवाय नव्या पेशात जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुनी विद्या वापरायची नाही. वापरली तर त्या मोहिमेचे अनुभव-गुण बुडाले. बार्ड म्हणजे भाट व्हायचं असेल तर आधी फायटरच्या किमान पाच लेव्हल, आठवी यायच्या आत ते सोडून चोर, आणि मग ड्रूइड लोकांकडे जाऊन गाणं शिकायचं. एवढं करेपर्यंत खेळाडूचंच लग्नकार्य, मुलंबाळं होऊन जायची.

पण या सगळ्यात म्हाताऱ्या खेळाडूच्या त्या वाक्याचं उत्तर होतं. ते मला एका रविवारी दुपारी तक्ता समोर ठेवून आकडे मांडल्यावर सापडलं. फायटरला दुसऱ्या लेव्हलला साधारण २,००० गुण लागतात, तिसऱ्याला ४,०००, चौथ्याला ८,०००, मग १८,०००, ३५,०००, ७०,०००. जवळजवळ दामदुप्पट. आता समजा एका खेळाडूने ८२,००० गुण कमावले. निव्वळ फायटर असेल तर तो सातव्या लेव्हलला. निव्वळ मॅजिक यूजर, त्याचा तक्ता जरा वेगळा, पण तोही सातव्याला. आणि दोन्ही करणारा एल्फ? त्याचे ४१,००० इकडे, ४१,००० तिकडे. फायटर सहावा, मॅजिक यूजरही सहावा!

दिसलं? दोन्ही विद्या शिकायची किंमत फक्त एक लेव्हल. पुढच्या पायरीची किंमत दर वेळी दुप्पट होत असेल तर निम्मी कमाई म्हणजे फक्त एक पायरी मागे. बायनरी सर्चवाल्या मंडळींना हे नवीन नाही, पण मला ते दिसायला काही वर्षं लागली खरी.

एवढं स्वस्त ठेवून चालणार नाही हे गायगॅक्सलाही दिसत असणार. म्हणून मग कुंपणं. ताकद १८ असली तरी एल्फ फायटर सातव्याच्या पुढे नाही, बुद्धी १८ असली तरी मॅजिक यूजर अकराव्याच्या पुढे नाही. कारण काय दिलं, तर जग माणसांचं राहिलं पाहिजे. मला हे कारण कधीच पटलं नाही. एक तर बरेचसे खेळ त्या लेव्हलपर्यंत पोचायच्या आधीच विरतात. कुणाची नोकरी बदलते, कुणी गाव सोडतं. मग कुंपण बांधलंय ते अशा शेताला, जिथे बैल कधी जातच नाहीत. तोवर एल्फाची चैन.

त्याच काळात काही लोक क्लास ही भानगडच नको म्हणत होते. १९७७ मध्ये मार्क मिलरचा 'ट्रॅव्हलर' आला, अंतराळातला. त्यात पात्र म्हणजे नोकरीचा बायोडेटा! चार-चार वर्षांच्या टर्म, प्रत्येक टर्ममध्ये फाशावर काय पडेल ती कौशल्यं, आणि टेहळणी खात्यात गेलात तर दोन फाशांवर ७ किंवा जास्त पडले नाहीत की पात्र तिथेच खलास. खेळ सुरू व्हायच्या आधी! त्या यादीत 'जॅक ऑफ ऑल ट्रेड्स' हेसुद्धा एक वेगळं कौशल्य आहे. हरहुन्नरीपणातला स्पेशालिस्ट म्हणजे, घ्या.

पण मला सगळ्यात आवडला तो १९७८ चा 'रूनक्वेस्ट', स्टीव्ह पेरिन आणि मंडळींचा, ग्रेग स्टॅफर्डच्या ग्लोरांथा या कल्पित जगात घडणारा. इथे प्रत्येक कौशल्याचे टक्के. कौशल्य यशस्वीपणे वापरलं की नंतर ते वाढतंय का बघायला फासा टाकायचा, आणि तो आपल्या सध्याच्या टक्क्यांच्या वर पडला तरच ५ टक्के वाढ. म्हणजे तलवारीत ३० टक्के असलेल्याला वाढीची शक्यता ७० टक्के, ९० टक्केवाल्याला १०. सरासरी काढा: एकाची वाढ साडेतीन टक्के, दुसऱ्याची अर्धा. सातपट फरक. जितकं जास्त येतं तितकं नवीन कमी शिकता, हे कुठलाही वादक किंवा सुतार सांगेल, आणि ते कुणालाही कुंपण न घालता एका फाशात बसवलंय. आपण तर टोपी काढली बुवा.

अर्थात खेळाडू ते खेळाडूच. वाढीचा फासा जास्तीत जास्त शस्त्रांवर मिळावा म्हणून लोक एकाच लढाईत भाला टाकून कुऱ्हाड, कुऱ्हाड टाकून गदा असं करायला लागले. गोल्फ खेळणाऱ्याच्या पिशवीत काठ्या असतात तशी शस्त्रांची पिशवी पाठीवर, म्हणून त्याची 'गोल्फ बॅग' अशी टर उडवली गेली. सुंदर नियमातून विनोदी वागणूक. केआरए भरणाऱ्यांना जास्त सांगायला नको.

तिसरा रस्ता खरेदीचा. १९८१ च्या 'चॅम्पियन्स'मध्ये आणि मग १९८६ च्या स्टीव्ह जॅक्सनच्या 'गर्प्स'मध्ये ठरावीक पॉईंट हातात देतात, बाजारात जाऊन घ्या काय हवं ते. इथे वाटतं की आता तरी जनरलिस्ट आणि स्पेशालिस्ट समान पातळीवर आले. पण भाव ठरवतो तो दुकानदार. 'गर्प्स'च्या २००४ च्या चौथ्या आवृत्तीत एखादं कौशल्य वरच्या टप्प्यात एकाने वाढवायला ४ पॉईंट, आणि चपळाई हा मूळ गुण एकाने वाढवायला २०. पण चपळाई वाढली की तिच्यावर अवलंबून असलेली सगळी कौशल्यं एकाने वाढतात. तेव्हा पाचपर्यंत कौशल्यं असतील तर सुटी घ्या, सहाव्यापासून चपळाईच परवडते. इथे अष्टपैलूच श्रीमंत. त्याच माणसाला दुसऱ्या टेबलावर 'एक ना धड' म्हणतील.

आता परत माझ्या बेसमेंटकडे. १९९७ मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने डंजन्स अँड ड्रॅगन्सची जुनी कंपनी टीएसआर विकत घेतली, आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. जोनाथन ट्वीट, माँटी कुक, स्किप विल्यम्स. या लोकांनी जातपंचायत बरखास्त केली. एल्फ असो, माणूस असो, दर लेव्हलला कुठलाही क्लास घ्या. मला हे आजही अभिनंदनीय वाटतं. पण त्याच वेळी गुणांचा तक्ता बदलला. दामदुप्पट गेली, आणि दहाव्या लेव्हलला लागायला लागले फक्त ४५,०००. आणि कमाई वाटून घ्यायची पद्धत जाऊन लेव्हल्सचीच बेरीज सुरू झाली. पाच अधिक पाच, दहा.

याच नव्या तक्त्यात जुन्या पद्धतीने वाटणी केली असती तर काय झालं असतं? ४५,००० चे निम्मे साडेबावीस हजार, आणि सातव्या लेव्हलला लागतात २१,०००. म्हणजे मी सातवा फायटर आणि सातवा विझर्ड झालो असतो. प्रत्यक्षात झालो पाचवा-पाचवा. पूर्वी एका लेव्हलला मिळणारी वस्तू आता पाच लेव्हलला पडत होती. दार सताड उघडलं आणि आत जायचं तिकीट महाग केलं. मुद्दाम केलं असं माझं म्हणणं नाही. मोठ्या रिफॅक्टरिंगमध्ये असं होतंच, एक सुटसुटीत सूत्र आणलं की दुसरीकडे कुणाचा तरी पगार कापला जातो.

हुशार खेळाडूंनी लगेच उलटा धंदा शोधला. दोन क्लास निम्मेनिम्मे घ्यायचेच नाहीत, फक्त चव घ्यायची. २००० च्या नियमांत रेंजरच्या पहिल्याच लेव्हलला दोन हातांनी दोन शस्त्रं चालवायची विद्या फुकट मिळायची, म्हणून जो तो एक लेव्हल रेंजर. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत ते बंद झालं. आणि त्याच वर्षी गोष्ट सांगणाऱ्याच्या पुस्तकात 'मिस्टिक थिअर्ज' नावाचा एक खास क्लास आला: विझर्ड तीन, क्लेरिक तीन, त्यानंतर याची प्रत्येक लेव्हल दोन्हीकडचे मंत्र वाढवते. दहाव्या लेव्हलला हिशोब करा. तीन अधिक चार, सात. आणि दुसरीकडेही सात. सात-सात! जुनी वाटणी जे देत होती नेमकं तेच, फक्त पॅच म्हणून.

त्याच पुस्तकात लढवय्या-मांत्रिकासाठीही तसाच एक क्लास आहे, 'एल्ड्रिच नाइट'. एक लेव्हल फायटर, पाच विझर्ड, चार याच्या. हल्ला +७, आणि मंत्र आठव्या लेव्हलच्या विझर्डएवढे. माझा हल्लाही +७ च होता आणि मंत्र पाचव्याचे. तीन महिने मी टेबलावर बसून जगाचा नियम शिकत होतो, आणि ते पुस्तक समोर पिझ्झाच्या खोक्याखाली पडलेलं होतं. खेळाडूंनी ते उघडायचं नसतं असा संकेत, म्हणून मी उघडलं नाही. सुशिक्षित घरातला ना!

पुढचं थोडक्यात. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर प्रत्येक क्लासवर कामाची पाटीच लावली: रक्षण करणारा, मारणारा, इतरांना सांभाळणारा, मैदान आवरणारा. सगळं नीटनेटकं, आणि मला तरी टीम मीटिंगसारखं वाटलं. त्याच वर्षी मार्चमध्ये गायगॅक्स गेला, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आर्नसन. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नवशिका आणि सर्वोच्च तज्ज्ञ यांच्यातला सरावाचा फरक +२ ते +६ एवढाच ठेवला, दोन प्रकारचे मंत्र शिकणाऱ्याची शक्ती एकत्र मोजायला घेतली, आणि बार्ड, तोच तो पूर्वी दोन क्लास पालथे घालून मग गाणं शिकणारा, अधिकृत हरहुन्नरी झाला.

ज्या डेटाबेसचा मी स्पेशालिस्ट झालो तो क्लायंटने काही वर्षांनी मोडीत काढला. पुण्याला परत आलो, पुन्हा सगळं थोडं थोडं करायला लागलो, ते आजतागायत. त्यात मला फार वाईट वाटलं असंही नाही.

मुलगी आता अकरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन हॉलमध्ये पाचवी आवृत्ती सुरू केली. मी गोष्ट सांगतो, त्या मला सतत टोकतात. कन्येने विचारलं, "बाबा, मला थोडी तलवार, थोडी जादू आणि गाणं पण हवंय, चालेल?" मी सवयीने तक्ता काढून हिशोब करायला लागलो, तोवर तिने कागदावर 'बार्ड' लिहून टाकलं होतं.

दुसऱ्या लेव्हलला बार्डला एक गोष्ट मिळते: जे काम शिकलेलं नाही त्यातही सरावाचा निम्मा फायदा. दोनाचा निम्मा, म्हणजे एक. फक्त +१. परवाच्या शनिवारी पूल तुटला होता, खाली नदी, उडीसाठी १२ हवे होते. ताकद सामान्य, उडीचा सराव शून्य. फासा सोफ्याखाली गेला. चौघी पालथ्या पडून बघायला लागल्या, आणि आतून आवाज आला, "अकरा!" क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "थांबा थांबा, माझा एक आहे ना."